'ज्यू बघा!' म्हणजे नक्की कोणते?

आमच्या आतेभावाचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ज्यू बघा, आणि आपण बघा." घरच्या ग्रुपवर विषय महापालिकेचा असो नाहीतर क्रिकेटचा, गाडी शेवटी तिथेच येते. मार खाल्ला, मग एक झाले, शस्त्र उचललं, देश मिळवला, अशी त्याची चार पायऱ्यांची गोष्ट. त्यावर दिल्लीत शिकणारी त्याचीच पुतणी 'झायोनिस्ट' (म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये स्वतःचा देश हवा म्हणणारा) हा शब्द शिवीसारखा फेकते आणि पुढचे दोन दिवस ग्रुप पेटलेला असतो. मी लंडनच्या पूर्व भागात अठरा वर्षं राहतोय. दोघांनाही विचारावंसं वाटतं, तुम्ही म्हणताय ते ज्यू नेमके कोणते?

एक तर आपल्या ओळखीचाच आहे. माँटफर्ड सुधारणा आपण शाळेत घोकल्या, त्यातला एडविन माँटेग्यू. भारतमंत्री. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यानं 20 ऑगस्ट 1917ला पार्लमेंटमध्ये केली. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यानं मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवलं. विषय: आपल्याच सरकारचा ज्यूद्वेष. पॅलेस्टाइन ही ज्यूंची राष्ट्रभूमी ठरवलीत, तर प्रत्येक देश आपापल्या ज्यूंना 'तुमचं घर तिकडे' म्हणेल, आणि इंग्लंडमध्ये मी परका ठरेन, असं त्याचं म्हणणं. मंत्रिमंडळातला तो एकटा ज्यू, आणि ही राष्ट्रभूमी उभारायला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा जाहीर करणाऱ्या बाल्फर घोषणेला सगळ्यात कडवा विरोध त्याचाच. घोषणा 2 नोव्हेंबरला झाली, तेव्हा साहेब हिंदुस्थानच्या वाटेवर होते.

लंडनच्या याच पूर्व भागात केबल स्ट्रीट आहे. तिथल्या जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर भलंमोठं चित्र रंगवलंय: उधळलेले घोडे, पोलीस, खिडक्यांतून डोकावणाऱ्या बायका. 4 ऑक्टोबर 1936, रविवार. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ले आपले काळे शर्टवाले घेऊन ज्यू वस्तीतून मिरवणूक काढणार होता आणि त्याला वाट करून द्यायला सरकारनं हजारो पोलीस उतरवले होते. ब्रिटिश ज्यूंच्या प्रतिष्ठित मंडळींची संस्था, बोर्ड ऑफ डेप्युटीज, हिचा सल्ला होता: घरात बसा, भानगडीत पडू नका. शिंपीकाम करणाऱ्या पोरांनी तो ऐकला नाही. कम्युनिस्ट होते, गोदीतले आयरिश कामगार होते. रस्त्यात ट्रक आडवा केला, घोड्यांच्या पायांखाली गोट्या सोडल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांनी रात्रीची लघवीची भांडी थेट पोलिसांच्या डोक्यावर रिकामी केली. (चित्र बघताना मला आमच्या गिरगावातल्या चाळीची गॅलरी आठवते, इलाज नाही.) अखेर पोलीस आयुक्तांनी मोस्लेला परत फिरवलं. वर्ष संपायच्या आत राजकीय गणवेशांवर बंदी घालणारा कायदा आला. पण सगळं गोड झालं असंही नाही. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या.

आतेभाऊ म्हणेल, हेच तर मी सांगतोय, उभे राहिले! राहिले खरे, पण घरातल्या थोरांचं न ऐकता, शेजाऱ्यांना सोबत घेऊन आणि 'हेच आमचं गाव' असं म्हणत. पुतणीसाठी मात्र दुसरा माणूस आहे: विडाल ससून, शाम्पूवाला. युद्धानंतर मोस्लेची माणसं पुन्हा चौकाचौकांत सभा घेऊ लागली, तेव्हा सैन्यातून परतलेल्या ज्यूंनी 1946मध्ये '43 ग्रुप' काढला आणि त्या सभा उधळल्या. ससून त्यात होता, सतरा-अठरा वर्षांचं पोर. 1948मध्ये तोच इस्रायलला लढायला गेला, आणि मग लंडनला येऊन पुन्हा केस कापू लागला. 'इथे' आणि 'तिथे' दोन्ही एकाच माणसात. याला कोणती शिवी द्यायची?

आणि आपले अलिबागकडचे ज्यू, बेने इस्रायली? शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिले, छळ असा कधी झालाच नाही. हौसेनं इस्रायलला गेले, आणि साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठानं लग्नासाठी त्यांच्या आई-आजीचं कूळ तपासायला सांगितलं. 1964मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून त्यांना आपलं ज्यूपण मान्य करून घ्यावं लागलं. आतेभावाच्या 'एक झाले'मध्ये ही ओळ बसत नाही, म्हणून तो ती वाचतच नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहायचं, असं मी दर वेळी ठरवतो आणि राहून जातं. कारण मलाही एक आठवतं. ऑगस्ट 2024मध्ये इंग्लंडभर परदेशी लोकांविरुद्ध दंगली चालल्या होत्या. 7 तारखेला आमच्याकडच्या वॉल्थमस्टोमध्ये तसा जमाव येणार अशी बातमी होती. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दुपारीच मेसेज आला: "सर्वांनी घरीच राहावे. कोणत्याही वादात पडू नये." खाली हात जोडलेले. मीही त्यावर होकाराचा अंगठा टाकला. कोपऱ्यावरच्या गुजराती काकांनी चारलाच शटर ओढलं.

संध्याकाळी दंगलखोर असे फारसे आलेच नाहीत, पण त्यांना अडवायला हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यात गोरेही होते. शेजारची सत्तरीची बाई हातानं रंगवलेला पुठ्ठा घेऊन आमच्या दारावरून गेली. मी पडदा जरासा बाजूला करून बघत होतो.