भंडारदऱ्याचं धरण विल्सनने बांधलं नाही

पाऊस सुरू झाला की तो मेसेज परत फिरायला लागतो, धरणाजवळच्या अंब्रेला फॉल या धबधब्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं की विल्सन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने नगरच्या शेतकऱ्यांच्या प्रेमापोटी भंडारदऱ्याचं धरण बांधलं, मुंबईचं विल्सन कॉलेज पण त्याचंच. धरणाच्याच भागातली, अकोले-संगमनेरची पोरं पण हे शेअर करतात याचं जास्त वाईट वाटतं.

कॉलेजचं आधी. ते जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याचं. तो १८७५ ला वारला, धरणाला 'विल्सन डॅम' हे नाव ज्याच्यावरून आहे तो लेस्ली विल्सन १८७६ ला जन्मला. विषय संपला.

आता इंजिनिअर. अहो, तो सैनिक होता, रॉयल मरीन्समधला. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लढला, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला हॉक बटालियन त्याच्या हाताखाली होती. १९१३ ला इंग्लंडमधल्या रेडिंगचा खासदार, पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा चीफ व्हिप म्हणजे मुख्य प्रतोद, आणि तिथून डिसेंबर १९२३ मध्ये थेट मुंबई इलाख्याचा गव्हर्नर.

आणि धरणाचं काम सुरू झालं १९१० ला! तेव्हा गव्हर्नर होता सिडनहॅम क्लार्क, मग विलिंग्डन आला, मग लॉइड आला, आणि काम संपत आलं तेव्हा विल्सन. सोळा वर्षांतली शेवटची तीन त्याची. १० डिसेंबर १९२६ ला येऊन उद्घाटन केलं आणि नाव लागलं, बास. ज्या हातांनी दगड फोडून, वाहून प्रवरेवर २७० फूट उंच भिंत चढवली त्या हातांचं नाव कुठल्याच फोटोखाली येत नाही, माझा राग त्याचा आहे.

राहिलं प्रेम. १८९९-१९०० च्या दुष्काळात दख्खन होरपळली, दुष्काळी कामांवर सरकारचा पैसा जायचा आणि वर साराही बुडायचा, म्हणून १९०१ ला पाटबंधारे कमिशन बसलं आणि दख्खनमधल्या अशा धरणांचा विचार त्यातून पुढे गेला. त्या वेळी विल्सन दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत होता हो.

त्याचं शेतकऱ्यांशी खरं वागणं बघायचं तर १९२८ चा बारडोली सत्याग्रह बघा, गुजरातमधलं बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. त्याच्याच सरकारने सारा २२ टक्के वाढवला, लोकांनी वल्लभभाईंच्या मागे उभं राहून भरायचं नाकारलं, तर जमिनी जप्त केल्या, म्हशी ओढून नेल्या, आणि जुलैमध्ये याने कायदेमंडळात उभं राहून चौदा दिवसांची मुदत दिली. शेवटी चौकशी मान्य करावी लागली, आणि ब्रूमफील्ड-मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी सांगितलं की वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच बसते.

त्याच वर्षाअखेर तो मुंबईहून गेला, नंतर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर झाला आणि १९४६ पर्यंत तिथे होता. धरणावर त्याचं नाव आहे ते राहू दे, पण फोटोखाली "बांधलं" नको, "उद्घाटन केलं" एवढंच लिहा.