फाटलेला लोगो आणि पीडीएफ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. मी ‘छपाईला जेपीजी नको, पीडीएफ द्या’ असं लिहिलं होतं. तुम्ही तान्ह्या पोळ्याच्या फ्लेक्ससाठी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मंडळाच्या नंदीच्या लोगोची जेपीजीवरून पीडीएफ केली, नागपूरच्या महाल भागातल्या प्रिंटरला दिली, तरी लोगो फाटलाच, म्हणजे चौकटी-चौकटींचा आला. म्हणून तुमचा निकाल : ‘पीडीएफ म्हणजे नाव बदललेला फोटो.’

तुमची पीडीएफ तशीच होती. सगळ्या तशा नसतात. पीडीएफमध्ये फॉन्टसकट अक्षरं, गणिताने मांडलेल्या रेषा-वळणं आणि ठिपक्यांचे फोटो असा सगळा माल एकत्र राहू शकतो. तुमच्या अ‍ॅपने जेपीजी उचलला नि आत ठेवून दिला. पोत्यावर बासमती छापल्याने आतला तांदूळ बदलत नाही. लोगो 300 पिक्सेल रुंद होता आणि फ्लेक्सवर दोन फूट, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे इंचाला साडेबारा ठिपके! मग चौकटी दिसणारच.

कुठलीही पीडीएफ 800 टक्के मोठी करून बघा. कड धारदार राहिली तर वेक्टर, म्हणजे गणिताने मांडलेल्या रेषा; पायऱ्या दिसल्या तर फोटो. एकाच पानावर दोन्ही सापडतात : नाव कोरीव आणि शेजारी भाऊसाहेबांचा चेहरा चौकटी-चौकटींचा.

‘हे सगळं पीडीएफवाल्यांचं नवं फॅड’ हे मात्र पटलं नाही. असा मिश्र माल ठेवणाऱ्या फाइलींना मेटाफाइल म्हणतात. त्यातलाच एक प्रकार, सीजीएम, 1987 मध्येच आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाला, पीडीएफ आली 1993 मध्ये. विंडोजची मेटाफाइल, डब्ल्यूएमएफ, तर हुकुमांची यादीच : इथून तिथे रेघ ओढ, इथे फोटो चिकटव. त्यातल्याच एका हुकुमाचा गैरवापर करून डिसेंबर 2005 मध्ये लोकांच्या संगणकांत घुसखोरी झाली, आणि मायक्रोसॉफ्टला जानेवारीत घाईघाईने पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला.

‘सरळ सीडीआर मागा ना’ म्हणता, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल. सीडीआरही मिश्रच, पण नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, आणि समोरच्याकडे फॉन्ट नसला की मराठीचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. द्यायचीच तर कंट्रोल-क्यू मारून, कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या रेषा-वळणं करून द्या.

आता नंदीचं. ज्याने लोगो केला त्या डिझायनरकडे मूळ फाइल मागा. ‘हरवली’ म्हणाला तर कोरलमध्ये ट्रेस करून, म्हणजे जेपीजीवरून रेषा गिरवून घ्या, पण हाताने. एवढ्या लहान जेपीजीवर ऑटो ट्रेस मारला तर शिंगं वितळल्यासारखी येतील.