शिट्टी आधी, खांदे मागाहून

कुस्तीत पंच व्हायचं ठरवलंत? उत्तम. डाव्या मनगटाला लाल पट्टी, उजव्याला निळी आणि तोंडात शिट्टी. एवढ्याशा भांडवलावर अख्ख्या तालुक्याशी वैर घेता येईल असा दुसरा धंदा नाही.

पहिलं पथ्य, वाकू नका. चितपट द्यायची तर दोन्ही खांदे एकाच वेळी टेकायला हवेत. ते बघायला गादीला गाल लावून पालथं पडावं लागतं, इस्त्री मोडते. उभ्यानंच बघा. एक खांदा टेकला ना? मग दुसरा कुठं जातोय!

बाजूला साइड पंच आणि सरपंच (गावचा नव्हे, कुस्तीचा) बसवलेले असतात; तिघांपैकी दोघांचं जुळलं तर निर्णय. त्यांच्याकडे नजर टाकण्यात वेळ दवडू नका, हलगी थंड पडते. कोच चॅलेंज मागेल. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो, म्हणजे मागणाराही जपूनच मागतो. तरी व्हिडिओ बघायच्या फंदात पडू नका. गॅलरीतल्या हजारो मोबाइलवर तो बघून झालेला असतो, तुम्हीच तेवढे राहिलेले असता. राहू द्या.

पैलवानांनी मात्र २ फेब्रुवारी २०२५ चं अहिल्यानगर आठवावं. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाची अंतिम कुस्ती पृथ्वीराज मोहोळने जिंकल्याचा निकाल लागला. आपली पाठ टेकलीच नाही, असं शिवराज राक्षेचं म्हणणं. पुढचं अपील त्यानं पायानं केलं. लेखी तक्रारीपेक्षा लाथ लवकर पोचते, हे खरं; पोचपावती तेवढी तीन वर्षांच्या बंदीची येते. त्याच रात्री किताबी लढतीत मोहोळसमोरचा महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून वेळ संपायच्या आतच मैदान सोडून गेला. त्यालाही तेवढीच पावती. पंचाला लाथ घाला नाहीतर नुसतं निघून जा, दर एकच. (हिशेबाला सोपं.)

लाथ नको असेल तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा नमुना आहे. ६५ किलोच्या कांस्यपदकाच्या कुस्तीत मंगोलियाचा गडी जिंकल्याच्या आनंदात वेळेआधीच नाचायला लागला, गुण समोरच्याला गेला, पदकही गेलं. त्याच्या दोन प्रशिक्षकांनी भर स्टेडियममध्ये कपडे उतरवले. एक तर चड्डीवर आला. निकाल जागचा हलला नाही, पावती मात्र त्यांनाही तीन वर्षांच्या बंदीचीच. आपल्याकडे हे चालणार नाही म्हणा. लंगोटावरच्या माणसाला बघून आखाड्यात कोण दचकणार?

असो. पंचसाहेब, गाडी फाटकाकडे तोंड करून लावा.