प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध

न्यूटनने गतीचे तीन नियम १६८७ मध्ये छापले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ग्रह होते, चंद्र होता, भरती-ओहोटी होती. आमचं जेवणाचं टेबल नव्हतं. पण त्याच्या तिसऱ्या नियमाचा त्या टेबलाइतका अनुभव आज दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. आमच्या घरी गाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम खेळायचं, फोर्स फीडबॅकवालं स्टिअरिंग आलं आहे.

गेमचा साधा कंट्रोलर गाडी कशाला धडकली की हातातल्या हातात गुरगुरतो आणि गप्प बसतो. हे प्रकरण वेगळं. यात चाकामागे मोटर असते आणि पुढच्या टायरांवर आत्ता किती जोर येतोय हे गेम तिला क्षणाक्षणाला कळवत असतो. वळणावर खऱ्या गाडीचं स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला बघतं, तसं हेही बघतं, आणि तुम्ही मध्ये आलात तर तुमच्याशी भांडतं. टायरची पकड सुटायला लागली की मात्र चाक एकदम हलकं पडतं. सगळी किंमत या हलकं पडण्याची आहे. गाडी घसरतेय हे डोळ्यांच्या आधी हातांना कळतं, असं जाणकार सांगतात. खरं आहे, कळतं. पण हातांकडून ती बातमी माझ्यापर्यंत येते तेव्हा गाडी टायरांच्या भिंतीत असते.

चाकाच्या या ओढीला मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. (हा गृहस्थ पाठ सोडत नाही.) गिअर किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या स्वस्त प्रकारांत हा आकडा दोनच्या पुढेमागे असतो, मोटरच्या दांड्यावरच चाक बसवलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ५, ८, ११ आणि त्याच्याही वर. आकडे दिसायला गरीब. पण चाकाची त्रिज्या १४ सेंटिमीटर धरा आणि भागाकार करा. ८ न्यूटन-मीटर म्हणजे चाकाच्या कडेला जवळजवळ ६ किलोची ओढ. ती मी सोसतो हे वरवरचं झालं. खरी सोसतं ते टेबल.

चाक टेबलाला क्लॅम्पने आवळायचं असतं. सैल आवळलं तर वळणावर गाडीऐवजी चाकच उठून वळतं. घट्ट आवळलं तर टेबलाच्या खालच्या अंगाला खड्डे पडतात, आणि टेबलाच्या खालच्या अंगाकडे आजवर कुणी पाहिलेलं नसलं तरी त्यानंतर बायको रोज वाकून पाहते. "अहो, हे जेवायचं टेबल आहे," ती म्हणते. हे विधान आता वादग्रस्त आहे.

सुरू करताना चाक स्वतःचं माप घेतं. म्हणजे कुणी हात न लावता आधी या टोकापर्यंत गरगर फिरतं, मग त्या टोकापर्यंत, आणि नंतर मधोमध येऊन साळसूदपणे थांबतं. बऱ्याच चाकांचा हा फेरा ९०० अंशांचा असतो, म्हणजे अडीच वेढे. हे आईने पहिल्यांदा पाहिलं ते एकटीने, दिवेलागणीला. "अरे, याच्यात कोण बसलंय ते बघ आधी," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून चाकाला ती "ते" म्हणते. "ते बंद केलंस का रे?"

पण चाक परवडलं अशी गत ब्रेकने केली. चांगल्या संचातलं ब्रेकचं पेडल किती खाली गेलं हे मोजत नाही, किती जोराने दाबलं हे मोजतं. त्याला लोडसेल म्हणतात. पायाने वीसतीस किलोचा दाब द्यावा तेव्हा कुठे त्याचं समाधान होतं. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकची लांबलचक सरळ वाट, वेग ताशी ३०० च्या वर, समोर पहिलं वळण. मी सर्व ताकदीनिशी ब्रेक दाबतो. माझी खुर्ची चाकांची आहे, फरशी गुळगुळीत आहे. पडद्यावरची गाडी थांबते आणि मी मागे निघतो. त्याच वेळी पेडल टेबलाखालून पुढे निघतात. दिशा परस्परविरुद्ध, याला घरातले सगळे साक्षीदार आहेत. समान होतं की नाही ते मोजायला माझा हात चाकापर्यंत पोचत नव्हता.

यावर अनुभवी मंडळींचा एक तोडगा आहे: खुर्चीच्या चाकांना जुने बूट घाला. उत्तम. पण खुर्चीला चाकं पाच असतात आणि बूट जोडीने येतात. तीन जोड काढले, सहावा बूट उरला. तो घरात कुठेही ठेवला तरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या जोडीदाराची चौकशी करतो.

दुसरा तोडगा जास्त शास्त्रीय. पेडल आणि खुर्ची एकमेकांना पट्ट्याने बांधून टाकायची. मग पाय जेवढं पेडल ढकलेल तेवढाच पट्टा खुर्चीला धरून ठेवेल, आणि भांडण आपसात मिटेल. हे खरोखर चालतं. अडचण एवढीच की पट्टा दोन्ही पायांच्या मधून जातो. दाराची बेल वाजली, मी उठलो, आणि खुर्ची, पेडल, वायरी आणि दोन बूट असा आमचा जथा दारापर्यंत गेला. कुरिअरवाल्याने सही माझ्याकडून न घेता आईकडून घेतली.

धडकेच्या वेळी चाकावरचे हात सोडावेत, हेही शिकलो. फॉर्म्युला वनचे चालक धडक टळत नाही असं दिसलं की हात काढून छातीशी घेतात, नाहीतर चाकाच्या हिसक्याने मनगट मोडायचं. मीही घेतो. पाहणाऱ्याला वाटतं हा शरण आला.

हल्ली मी गेममधल्या नूर्बुर्गरिंगवर, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या ट्रॅकवर असतो. जवळजवळ २१ किलोमीटरचा एक फेरा, जंगलातून, चढउतारांचा. फॉर्म्युला वनचा विजेता जॅकी स्टुअर्टने त्याला हिरवा नरक म्हटलं ते उगीच नाही. तिथे कारुसेल नावाचं काँक्रीटचं खोलगट वळण आहे. त्यात गाडी घातली की चाक थडथडतं, चाकाबरोबर टेबल, टेबलाबरोबर फरशी. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे काका परवा वर आले तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवूनच दार उघडलं.

"खडखडीचं काही नाही हो, तिची सवय झाली," काका म्हणाले. "पण त्यानंतर काही वेळाने वरून धप्प असा पाय आपटल्याचा आवाज येतो, आणि लगेच तुमचं 'अरे अरे अरे'. रोज ऐकतोय म्हणून सांगतो. ते धप्प जरा आधी करून बघा."