५७ नंबरचं घर आणि धंतोलीतला आजचा मलबा

आज सकाळी दूध आणायला निघाले आणि आमच्या नागपुरात, धंतोलीच्या कोपऱ्यावर पाय थबकले. तो पिवळा बंगला पाडून राहिले होते. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना जास्त खूण सांगायला नको. व्हरांड्याला विटांची जाळी, वर कवेलू, अंगणात कडुनिंब. जेसीबीनं आधी जाळीच घेतली. दोन धक्के, बस्स.

बाजूला उभा असलेला ओळखीचा एक जण म्हणाला, "बरं झालं ताई, जुनाटच होतं. पाहण्यासारखं काय होतं त्यात?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. म्हणून लिहून राहिले.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांना चंदीगडला नेलं होतं. बाबा पीडब्ल्यूडीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले, आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांना तिथलं एकच घर पाहायचं होतं. सेक्टर ५ मधलं, नंबर ५७. वास्तुविशारद पिएर जानरे यांचं घर. चंदीगडचा आराखडा करणारे ल कोर्बुझिए यांचे हे चुलतभाऊ. नाव त्या थोरल्या भावाचं झालं, पण शहर उभं राहीपर्यंत तिथे मुक्काम ठोकून बसले ते जानरे. १९५४ ते १९६५, अकरा वर्षं याच घरात, आणि घराचा नकाशाही त्यांचाच. २०१७ पासून ते संग्रहालय म्हणून सगळ्यांसाठी उघडं आहे.

महाल नाही तो. विटांचं, आटोपशीर घर. मी आत जाऊन फोटो, पत्रं, खुर्च्या पाहत फिरले. मागे वळून बघते तर बाबा नाहीत. ते दर्शनी जाळीपाशीच उभे. विटांच्या फटीत बोटं घालून मोजत होते. मग पूर्ण तळवा जाळीवर टेकवला आणि मला म्हणाले, "इकडे ये. हात लाव. वारा येऊन राहिला बघ." बाहेर ऊन रणरणत होतं आणि तळहाताला खरंच गार झुळूक लागत होती.

आज तोच तळवा डोळ्यांसमोरून हलत नाही.

कारण ते घर पाहताना मला आमचं नागपूर आठवत होतं. ४५-४६ डिग्रीत माणसानं कसं राहावं हे आपल्या आधीच्या गवंड्यांना कळत होतं. जाड भिंती, उंच छत, झरोके, व्हरांड्याची सावली, दारात वाळ्याच्या ताट्या. आता काय बांधून राहिलो आपण? पश्चिमेला सरळ काच! मग खोलीखोलीत एसी आणि त्यांची गरम हवा शेजाऱ्याच्या तोंडावर. राग येणार नाही तर काय होईल?

चंदीगडची आणखी एक गोष्ट बाबांनी परतीच्या गाडीत सांगितली. तिथे सरकारी घरांचे सुरुवातीला १३ प्रकार ठरले, मुख्यमंत्र्यापासून चपराशापर्यंत. जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू, या तिघांनी ती घरं आखली. म्हणजे चपराशाच्या घरातही ऊन कुठून येईल, वारा कुठून जाईल याचा विचार जगातले नामांकित वास्तुविशारद करत बसले होते. हे सांगताना बाबांचा आवाज जड झाला होता. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी क्वार्टर्सचेच नकाशे काढले. त्या नकाशांवर त्यांचं नाव कुठेच नसतं.

मान्य, चंदीगडही धुतल्या तांदळासारखं नाही. जानरे यांच्याच काळातल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या तिथल्या कचेऱ्यांनी भंगारात काढल्या आणि परदेशी लिलावांत त्या लाखोंनी विकल्या गेल्या. मग कुठे जाग आली.

आणि हो, बंगल्याच्या मालकांचीही अडचण असेल. चार भावांच्या वाटण्या, कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, धंतोलीतल्या जागेचा भाव. समजतं मला. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो "पाहण्यासारखं काय होतं" याच्यावर. आपण हायकोर्टाची इमारत अभिमानानं दाखवतो. दाखवलीच पाहिजे, १९४० पासून उभी आहे, हेन्री मेड यांचं काम. पण साधं, राहतं घर? आपल्या पोरांना हात धरून आत नेता येईल, "हात लाव, वारा येऊन राहिला बघ" असं म्हणता येईल असं एक तरी घर या अख्ख्या शहरात उघडं ठेवा ना! आर्किटेक्चर शिकणारी इतकी पोरं आहेत इथे. ती काय फक्त स्क्रीनवर जाळी पाहणार?

जानरे १९६५ मध्ये आजारपणामुळे परत गेले आणि १९६७ मध्ये जिनिव्हात वारले. त्यांच्या अस्थी त्यांच्याच इच्छेप्रमाणे चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. परक्या मुलखातून आलेला माणूस इतका गुंतला त्या गावात. आम्ही तर इथेच जन्मलो.

हे लिहिता लिहिता जरा शांत झाले. सकाळचं बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती, पण दुपारी सांगितलं. काहीच बोलले नाहीत. चप्पल घालून स्वतः बघून आले. येताना खिशातून खिडकीची पितळी कडी काढून टेबलावर ठेवली. मलबा भरणाऱ्या पोरानं दिली म्हणाले. मग जुनी स्केल आणि पाठकोरा कागद घेऊन बसले. तासाभरापासून आठवून आठवून त्या व्हरांड्याचा नकाशा काढून राहिले आहेत. जाळीची जुडाई काढून झाली. आता विचारतात, पूर्वेच्या भिंतीला खिडक्या दोन होत्या की तीन?

मला आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे त्या घराचा जुना फोटो असेल, कोणाच्या लग्नातला, मुंजीतला, मागे भिंत दिसणारा कुठलाही, तर आज रात्रीच मला पाठवा. बाबा वाट पाहून राहिले आहेत.