केसाळ कारभार

हरणाचा केस आतून पोकळ असतो. ही निसर्गाने हरणाची केलेली सोय. केसात कोंडलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते आणि उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण तिच्या जोरावर बर्फातले महिने काढतं. तेच केस फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं माशांचं नकली आमिष, बांधायला माझ्या टेबलावर आले की या सोयीची गैरसोय कशी होते, एवढंच सांगायचं आहे.

मला पाइक पकडायचे असतात. पाइक म्हणजे पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसणारा, लांब चपट्या जबड्याचा आणि टाळूवरसुद्धा मागे वळलेले दात बाळगणारा मासा. किड्या-माश्यांच्या चिमुकल्या नकलांकडे हा मोठा गडी सहसा ढुंकूनही बघत नाही. त्याला वीत-दीड वीत लांबीचं, अंगाने भरलेलं, घाबरून पळणारं काहीतरी लागतं. ते फेकायचं मात्र फ्लाय रॉडने, म्हणजे दोरीच्या वजनावर हलकं आमिष फेकणाऱ्या लवचिक काठीने. म्हणजे दिसायला धिप्पाड आणि वजनाला जवळपास काहीच नाही, असं पाहिजे. इथे पोकळ केस कामाला येतात. मागे बकटेलचे, म्हणजे हरणाच्या शेपटीचे लांब केस आणि पुढे अंगावरच्या केसांचं गच्च बांधून भादरलेलं डोकं. ते डोकं पाणी ढकलतं, त्याच्यामागे पाण्यात जो गोंधळ उडतो त्यात शेपटी आपोआप वळवळते आणि ती थरथर पाइकला अंगावरच्या संवेदनरेषेने कळते. शास्त्र ऐकायला इतकं सोपं आहे की माणूस लगेच बांधायला बसतो.

या सगळ्याचं मूळ शोधत गेलं की वाटेत डॉन गॅपेन भेटतात. त्यांनी १९३०च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर मडलर मिनो नावाची फ्लाय बांधली. तिचंही डोकं हरणाच्या केसांचं, पण ती ट्राउट माशासाठी, बोटभर लांबीची. गॅपेन यांच्याबद्दल मला आदर आहे. तक्रार आहे ती नंतरच्या लोकांबद्दल, ज्यांना बोटभर डोकं पुरेना.

तर कृती अशी. पेन्सिलीएवढा जाड झुबका कातड्यालगत कापायचा आणि आधी विंचरायचा. केसांच्या बुडाशी मऊ लव असते, ती राहिली तर केस नीट फुलत नाहीत. विंचरायला बारीक दातांचा कंगवा लागतो. आमच्या घरात असा कंगवा एकच आहे आणि तो नेमका कोणाचा, यावर एकदा सविस्तर चर्चा झालेली आहे.

विंचरलं की केसांत स्थिर वीज भरते. मग ते जिथे जायला नको तिथे जातात. बाहीवर, चष्म्यावर, पाण्याच्या पेल्यात, गादीच्या शिवणीत. मी भडक हिरवे रंगवलेले केस वापरतो, त्यामुळे चोर लगेच सापडतो. घरातल्या धाकट्या सदस्याने परवा उशीवरचा एक केस चिमटीत धरून विचारलं, "बाबा, हे हरीण आपल्याकडे किती दिवस राहणार आहे?"

पुढचा भाग हा खरा प्राण. झुबका गळाच्या दांडीवर धरायचा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि तिसऱ्याला सावकाश ताण द्यायचा. ताण बसला की पोकळ केस दबतात, ताठ उभे राहतात आणि अख्खा झुबका दांडीभोवती गर्रकन फिरून फुलतो. हा क्षण फार देखणा असतो आणि तो बघता बघता संपतो. ताण कमी पडला तर केस एका बाजूला लोंबतात. जास्त पडला तर दोरा तुटतो आणि मघाशी विंचरून ठेवलेलं सगळं हरीण हवेत जातं. म्हणून जेल-स्पन नावाचा दोरा वापरतात. तो सहसा तुटत नाही. तो बोट कापतो.

फुललेला झुबका मागे रेटून दाबायचा, त्याच्यापुढे दुसरा बांधायचा, तोही रेटायचा, की तिसरा. ४/० नंबरच्या गळाची दांडी लांबच लांब असते, हे रेटताना जितकं कळतं तितकं विकत घेताना कळत नाही. बॉब पोपोविक्स या फ्लाय बांधणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी बकटेल उलटं बांधायची युक्ती रूढ केली. टोकं पुढे ठेवून बांधायचं आणि मग केस मागे वळवायचे, म्हणजे थोडक्या केसांत मोठा घेर येतो. शेपटीच्या बाजूला मी तीच वापरतो. डोक्याला मात्र असा आडमार्ग नाही, तिथे रेटारेटीच.

मग हजामत. दुधारी ब्लेड उभी मोडायची आणि अर्धी पात दोन बोटांत कमानीसारखी वाकवून धरायची. त्याआधी डोक्याला वाफ दिली की दडी मारून बसलेले केस उभे राहतात. पोटाखालचे केस दांडीलगत छाटायचे, नाहीतर गळाचं तोंड बुजतं आणि मासा चावूनही लागत नाही. पण तिथेच दोरा असतो. पात एक केसभर आत गेली की काय होतं ते मघाशी सांगितलं, फक्त आता त्यात सगळी संध्याकाळ मिसळलेली असते. दोरा वाचला तरी नवशिक्या न्हाव्यासारखं होतं. डावीकडे जास्त गेलं म्हणून उजवीकडे थोडं, उजवीकडे जास्त गेलं म्हणून वरून थोडं. बेडकाएवढं डोकं शेवटी वाटाण्यावर येऊन थांबतं.

जमलं तर मात्र हातातून खाली ठेववत नाही. काळे-नारिंगी पट्टे, मखमलीसारखा गुळगुळीत घुमट, दोन्ही बाजूंना चिकटवलेले टपोरे डोळे. मी ते उजेडात फिरवून फिरवून बघतो. हिने एकदा शांतपणे विचारलं, "पाइक त्या चकचकीत पत्र्याच्या चमच्यालाही लागतो ना? मग तोच का नाही टाकत?" उत्तर आहे, पण ते बायकोसमोर मांडण्यासारखं नाही.

पाण्यावर पहिली काही मिनिटं हे डोकं हवा भरलेली असल्यामुळे बुडायलाच तयार नसतं. मग भिजतं, आणि भिजल्यावर हाच निर्वजन प्राणी कानाजवळून असा सणाणत जातो की मान आपोआप खाली होते. मस्की नावाचा पाइकचा थोरला भाऊबंद दहा हजार फेकींचा मासा म्हणून ओळखला जातो. त्याच्या वाटेला मी जात नाही, मला मानेचा विचार करावा लागतो. पाइक त्या मानाने दिलदार. येतो, एका झडपेत घेतो, दोरीच्या टोकाला जोडलेल्या तारेच्या तुकड्यामुळे दोरी वाचते आणि फ्लाय वाचत नाही. चिमट्याने गळ सोडवला की डोक्याची एक बाजू गायब आणि डोळा एकच. पट्टे सरळ होते की तिरके, याची त्याने चौकशी केलेली नसते.

अशी ओली फ्लाय डबीत ठेवली तर गळ गंजतो, म्हणून घरी आलो की मी ती न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीला टांगतो. गेल्या वेळी मामा मुक्कामाला होते. रात्री ते उठले, आत गेले आणि दिवा लावला. बाहेर आले ते पाठमोरे, एक एक पाऊल मागे टाकत, आणि दाराची कडी त्यांनी बाहेरून घातली.