जिल्ह्याला विमानतळ पाहिजे? आधी हे वाचून घ्या

तुमच्या जिल्ह्यात अजून विमानतळ नाही म्हणता? कमाल आहे राव. मेडिकल कॉलेज मंजूर झालं, एमआयडीसीची पाटी लागली (कंपन्या येतील हळूहळू), मग विमानतळानेच काय घोडं मारलंय. आणि त्यासाठी विमानात बसणारी माणसं लागतात असा काही समज असेल तर तो आधी डोक्यातून काढा. लागतं काय, तर एक निवेदन, दोन-चार आमदारांच्या सह्या आणि एक सपाट माळ. एकदा का तुमचं नाव केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेच्या यादीत घुसलं की पुढचं सगळं आपोआप होत जातं, नाही झालं तर पुढच्या निवडणुकीच्या आधी होतं.

सुरुवातीलाच विमानतळ नेमकं कोणाचं हे नीट गुंतवून ठेवा. आपल्या राज्याने यात फार मोलाचं काम केलेलं आहे. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, गोंदिया हे केंद्राच्या एअरपोर्ट अथॉरिटीकडे, शिर्डी आणि अमरावती राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे, नाशिकचं ओझर विमानं बनवणाऱ्या एचएएलचं, रत्नागिरी कोस्ट गार्डकडे, आणि सिंधुदुर्गातल्या चिपीची जमीन एमआयडीसीची पण बांधलं खाजगी कंपनीने. आता उद्या विमान नाही आलं तर माणसाने भांडायचं कोणाशी? हेच तर पाहिजे. पालकमंत्री म्हणणार केंद्राचा विषय आहे, खासदार म्हणणार राज्याने जागा दिली नाही, कंपनी म्हणणार तांत्रिक कारण, आणि प्रवासी तोपर्यंत ट्रॅव्हल्सची स्लीपर बुक करून मोकळा.

भाड्याने द्यायचाही एक सोपा मार्ग आहे. 2009 मध्ये राज्याने नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिवसह पाच विमानतळं एका मोठ्या खाजगी ग्रुपला दिली, भाडेपट्टा किती वर्षांचा, तर 95. माणूस घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करतो, त्यात पण दहा अटी टाकतो. यवतमाळ आणि धाराशिवला रेग्युलर प्रवासी विमान काही सुरू झालं नाही आणि मग तेच सरकार ही विमानतळं परत ताब्यात घ्यायची भाषा करायला लागलं. पण तेव्हा 95 मधली खूप वर्षं शिल्लक होती, घाई कशाला.

आता लायसन्स. घाबरू नका. दिल्लीत डीजीसीए म्हणून एक ऑफिस आहे, ते तुमच्या रनवेची लांबी-रुंदी बघणार, दोन्ही टोकांना सेफ्टी एरिया आहे का बघणार, कंपाउंड वॉल बघणार, फायरची गाडी बघणार, मग सिक्युरिटीवाले बीसीएएस वेगळे येणार. हे नियम चांगले आहेत हो, माणसं मरू नयेत म्हणून आहेत, त्यांची चेष्टा करायची नाहीये. चेष्टा आहे ती क्रमाची. आपल्याकडे आधी भूमिपूजन, मग टर्मिनल, मग रंगरंगोटी, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की अरे रनवेच्या तोंडावर काहीतरी उभं आहे.

सोलापूरचंच घ्या. होटगी रोडचं विमानतळ आधीपासून होतं, किंगफिशरचं विमान पण काही काळ येऊन गेलं. मग सिद्धेश्वर साखर कारखान्याने वीज प्रकल्पासाठी उंच चिमणी बांधली आणि ती विमानाच्या वाटेत आली. झालं, शहरात दोन पार्ट्या. एक म्हणते चिमणी पाडा, शहराचा विकास अडलाय, दुसरी म्हणते हजारो सभासदांचा कारखाना आहे, ऊस कुठे घालायचा. कोर्टबाजी, मोर्चे, उपोषणं, वर्षानुवर्षं हेच. शेवटी 15 जून 2023 ला तगड्या पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली, गावाने मोबाईलवर व्हिडिओ काढले, धूळ उडाली. मग दुसऱ्या दिवशी विमान आलं असेल ना? छे. टर्मिनलचं ऑनलाइन उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 ला. पहिली फ्लाइट 9 जून 2025 ला. म्हणजे चिमणी पडल्यापासून जवळजवळ दोन वर्षं, आणि ती पण मुंबईला नाही, गोव्याला! ज्या मुंबईच्या विमानासाठी सोलापूरकर एवढे भांडले ते ऑक्टोबरात आलं.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात चिमणी नसेल तर एखादी शोधून ठेवा. लोकांना काहीतरी दिसायला लागतं. लायसन्सची फाईल दिसत नाही, फायरच्या स्टाफची भरती दिसत नाही, चिमणी कशी लांबूनच दिसते. नसेलच तर पक्षी चालेल. त्याच सोलापूरला बोरामणीला दुसरं मोठं विमानतळ करायचं होतं, शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन झाल्या, आणि मग माळढोक अभयारण्याचं वनक्षेत्र आडवं आलं. उडू शकणाऱ्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे तो, बिचारा स्वतःच आता दिसेनासा झालाय, म्हणजे तिथे माळढोकही उडत नाही आणि विमानही नाही.

अजून एक नियम खास तुमच्या नगरपालिकेसाठी. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरं कापायला बंदी आहे. पक्षी इंजिनात गेला तर काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, नियम शंभर टक्के बरोबर. आता तुमच्या गावचा कचरा डेपो कुठे आहे ते आठवा. आठवला? मग गप्प बसा, आणि विमानतळ समितीच्या मीटिंगला जाताना त्या रस्त्याने जाऊ नका.

बरं, पैसे. इथे जरा नीट बसून वाचा, कारण खरी गंमत इथेच आहे.

उडान योजना 2016 ला आली, पहिलं विमान एप्रिल 2017 ला सिमल्याहून दिल्लीला उडालं, हवाई चप्पलवाला पण हवाई जहाजात बसणार असं आपल्याला सांगितलं गेलं. सिस्टीम अशी की निम्म्या सीटा ठरवून दिलेल्या स्वस्त भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला 2500 च्या आसपास, आणि कंपनीला जो तोटा होईल तो सरकार भरून देणार. त्या भरपाईतले 80 टक्के केंद्राच्या फंडातून, तो फंड मोठ्या रूटवरच्या फ्लाइटवर लेव्ही लावून जमतो, म्हणजे पुणे-दिल्लीवाला नकळत तुमचं तिकीट काढतो, धन्यवाद म्हणा त्याला. उरलेले 20 टक्के राज्याचे. शिवाय राज्याने जमीन फुकट द्यायची, पोलीस फुकट, फायर ब्रिगेड फुकट, वीज-पाणी सवलतीत, आणि विमानाच्या इंधनावर व्हॅट फक्त 1 टक्का, तो पण 10 वर्षं. तुमच्या स्कूटरच्या पेट्रोलवर किती लागतो ते पंपावरच्या पोराला विचारू नका, त्याला पण वाईट वाटतं.

आणि हे सगळं किती दिवस? तीन वर्षं. तीन वर्षं त्या रूटवर दुसरं कोणी नाही, तोटा झाला तर भरपाई, आणि तीन वर्षं संपली की कंपनीने आपल्या पायावर उभं राहायचं. राहते का? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा 2023 चा रिपोर्ट आहे, उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 रूट वाटले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 नी तीन वर्षं पूर्ण केली. आणि त्यानंतरही चालू राहिले किती, तर 54. वाटलेल्या शंभर रूटमागे सात. आपल्या ग्रामपंचायतीच्या नळ योजनेचा रेकॉर्ड पण याच्यापेक्षा बरा असेल.

चिपी आठवतं का? 9 ऑक्टोबर 2021. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका स्टेजवर, अख्ख्या महाराष्ट्राने टीव्ही लावला होता आणि विमान बघायला कोणी लावला नव्हता. टोमण्यांवर टोमणे, टाळ्या, कोण म्हणे मी आणलं कोण म्हणे मी. मुंबईचं विमान सुरू झालं, चाकरमानी खूश. नंतर तासाभराच्या अंतरावर गोव्यात मोपा विमानतळ सुरू झालं, तिकडे फ्लाइटच फ्लाइट. इकडे तीन वर्षं भरली आणि 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईची सेवा बंद. मग ज्यांनी ज्यांनी आणलं होतं त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की मी घालवलं.

म्हणून म्हणतो, तुमचा कार्यकाळ आणि उडानची तीन वर्षं नीट जुळवून घ्या. विमान आचारसंहितेच्या दोन महिने आधी यायला पाहिजे आणि जायला पाहिजे तेव्हा दुसरा कोणी निवडून आलेला असला पाहिजे. आणि समजा केंद्राचे पैसे नाहीच मिळाले तरी हरकत नाही, सोलापूर-मुंबईसाठी राज्याने स्वतःच्या खिशातून भरपाई मंजूर केली, एका सीटमागे 3,240 रुपये, एका वर्षासाठी. मी काय म्हणतो, सोलापूरला विमान असावंच, चादरी-टॉवेलचं शहर आहे, व्यापारी आहेत, पेशंट आहेत. पण वर्ष संपल्यावर काय हा प्रश्न विचारला की लोक आपल्याकडे असं बघतात जसं काय आपण लग्नाच्या मांडवात पोटगीचा विषय काढला.

विमान आल्यावर लगेच नाईट लँडिंगची मागणी सुरू करायची. लहान विमानतळावर वैमानिकाला डोळ्यांनी दिसलं तरच उतरता येतं अशी परिस्थिती असते, धुकं पडलं की विमान माघारी. शिर्डीला 2019 च्या नोव्हेंबरात व्हिजिबिलिटी नाही म्हणून कितीतरी दिवस सेवा बंद होती, आणि विमानतळ 2017 ला सुरू झालेलं असून रात्रीचं विमान उतरायला 2025 उजाडलं. साक्षात साईबाबांच्या गावाला आठ वर्षं लागली, तुमचं किती धरायचं बघा. तोवर दर अधिवेशनात तारांकित प्रश्न, उत्तर ठरलेलं, कार्यवाही सुरू आहे.

विमानतळाच्या नावाला मात्र उशीर करू नका. रनवे नसला तरी चालतो, नाव लागतं. विधिमंडळात ठराव एकमताने पास होतो, सभागृहात एवढं एकमत वर्षातून क्वचित दिसतं, मग तो दिल्लीला जातो आणि दिल्लीत राहतो.

आणि पोलिसांचं सांगायचं राहिलंच. ज्या पोलीस स्टेशनला नाकाबंदीला माणूस नसतो तिथले शिपाई आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या विमानासाठी गेटवर खुर्ची टाकून बसलेले असतात. एकदा जाऊन बघा. एक्सरे मशीन प्लास्टिकने झाकलेलं, चेक-इनच्या काउंटरवर कोणीतरी डबा खातंय, आणि बाहेर रिक्षावाले एकमेकांना विचारतायत आज आहे का रे.

एवढं करून प्रवासी नाहीच मिळाले तर कार्गो मागा. सिंधुदुर्गात हापूस, सोलापुरात डाळिंब, जळगावात केळी. सत्तर सीटच्या छोट्या एटीआर विमानाच्या पोटात केळीचे किती घड बसतात असं कोणी कृषिमंत्र्यांना विचारत नाही. निवेदनाचा नमुना सगळ्या जिल्ह्यांत एकच आहे, फक्त फळाचं नाव बदलायचं, आणि हो, खाली दोन-चार आमदारांच्या सह्या.